भोकाचं पेटंट

पावसाळा लागला की गोव्यात दोन आकडे घरोघरी तोंडपाठ असतात, एक साळावलीचं धरण किती भरलं आणि दुसरा, घरात कोणाला ताप असेल तर त्याच्या प्लेटलेट किती. धरणाचा आकडा पेपरात येतो. दुसरा आमच्यासारख्यांच्या लॅबमधून निघतो आणि दहा मिनिटांत फॅमिली ग्रूपवर, तिथून दुबईच्या भावाला, लंडनच्या मेव्हण्याला, आणि मग तिकडून उलटा फोन, काल ८२ हजार होत्या तर आज ७६ कशा, लॅब बदला बघू. मी फोंड्याला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, या कामात केस पांढरे व्हायला लागलेत, पण हा आकडा नक्की येतो कुठून असं विचारणारा माणूस क्वचितच भेटला. बऱ्याच जणांची समजूत अशी की मशीनच्या आत कॅमेरा असतो, तो रक्ताचे फोटो काढतो आणि कॉम्प्युटर पेशी मोजत बसतो. आमच्या मशीनमध्ये कॅमेरा नाही. आहे ते एक भोक.

भोक म्हणजे खरोखरच भोक. एका मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही बारीक, रूबीच्या चकतीला पाडलेलं. सर्व्हिस इंजिनिअर मशीन उघडतो तेव्हा मी नवीन पोरांना मुद्दाम बोलावून दाखवते, बघा, ज्याच्यावर सगळ्या तालुक्याची झोप उडते ते हे. पोरं बघतात आणि पुन्हा मोबाइलमध्ये शिरतात.

त्यांचाही दोष नाही म्हणा. त्यांनी हाताने मोजणं फक्त परीक्षेपुरतं केलेलं. आम्ही शिकलो तेव्हा मशीन मोठ्या हॉस्पिटलातच असायचं, बाकी सगळीकडे न्यूबाउअर चेंबर. जाड काचेची पट्टी, मधोमध चौकटी कोरलेल्या, वर ठेवायची स्पेशल कव्हरस्लिप, आणि काच ते कव्हरस्लिप मधलं अंतर बरोबर ०.१ मिलिमीटर. पांढऱ्या पेशी मोजायच्या तर पांढऱ्या मण्याच्या पिपेटमध्ये ०.५ च्या खुणेपर्यंत रक्त ओढायचं, तेही तोंडाने हां, रबरी नळी दातात धरून, मग ११ पर्यंत टर्क्स फ्लुइड. त्यातलं ॲसिटिक ॲसिड लाल पेशी फोडून टाकतं आणि जेन्शन व्हायोलेट पांढऱ्यांच्या केंद्रकाला जांभळा रंग देतं. चेंबर भरताना थेंब जरा जास्त झाला की बाजूच्या खाचेत उतरायचा, परत धुवा, परत पुसा. मग चार कोपऱ्यांतले चार चौरस मोजायचे. रेषेवर बसलेल्या पेशीचं काय करायचं, तर वरच्या आणि डावीकडच्या रेषेवरची धरायची, खालच्या आणि उजवीकडची सोडायची. आलेल्या बेरजेला पन्नासने गुणायचं. लाल पेशींना वेगळं पिपेट, लाल मण्याचं, हेयम्स फ्लुइड, दोनशेपट पातळ, मधले पाच बारीक चौरस, आणि गुणायचं दहा हजाराने.

आता हे गुणणं नीट बघा. चार चौरसांत समजा १४० पेशी दिसल्या, रिपोर्ट गेला ७,०००. पण पेशी काही चौकटीत शिस्तीत वाटून बसत नाहीत, जिथे पडतील तिथे पडतात, त्यामुळे १४० च्या जागी कधी ११६ तर कधी १६४ दिसणं हा निव्वळ योगायोगाचा खेळ आहे, त्यात मोजणाऱ्याची काही चूक नाही. म्हणजे तोच माणूस, तेच रक्त, आणि रिपोर्ट ५,८०० पासून ८,२०० पर्यंत कुठलाही. यात पिपेटची चूक धरलीच नाही. आणि दुपारी चारला चाळिसावं सॅम्पल मोजणाऱ्या माणसाचे डोळे तर अजिबात धरलेले नाहीत. जुन्या काळी दोनदा मोजून ताळा करायची पद्धत होती, आणि गंमत म्हणजे दुसऱ्यांदा मोजलेलं नेहमी पहिल्याच्या जवळ यायचं, का ते ज्याने मोजलंय त्याला माहीत.

हे मोजणं जुनं. जर्मनीत कार्ल फीरोर्ट नावाच्या माणसाने १८५२ च्या सुमारास पहिल्यांदा माणसाच्या रक्तातल्या पेशी मोजल्या, त्याला एका मोजणीला कित्येक तास लागायचे. पॅरिसमध्ये मालासे यांनी १८७४ च्या सुमारास मोजायचं साधन बरंच सुटसुटीत केलं, पुढे चेंबर सुधारत गेलं, पण मूळ गोष्ट तीच राहिली, एक डोळा, एक काच आणि मनातल्या मनात एक दोन तीन. आमच्या गोव्यात १८४२ पासून मेडिकल स्कूल आहे, आशियातल्या जुन्यांतलं, म्हणजे फीरोर्टच्याही आधीचं, तेव्हा इथेही कितीतरी डॉक्टर आणि त्यांचे मदतनीस पुढे खिडकीच्या उजेडात मान वाकवून बसले असणार. त्यांची नावं कोण लिहून ठेवतो.

उजेडाने मोजायचा प्रयत्न १९३४ साली मोल्डावान नावाच्या संशोधकाने कॅनडात केला. बारीक काचनळीतून पेशी एकामागून एक सोडायच्या, वर मायक्रोस्कोप, त्यावर फोटोसेल, पेशी गेली की सिग्नल. कल्पना काळाच्या पुढची होती पण तेव्हा ती नीट जमेना, नळी तुंबायची, फोकस राहायचा नाही. ज्याला जमलं तो डॉक्टरही नव्हता. वॉलेस कूल्टर, अमेरिकेतल्या आर्कान्सासचा, जन्म १९१३, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला आणि पोटासाठी एक्स-रे मशीन विकणारा. जनरल इलेक्ट्रिकने त्याला पूर्वेकडे पाठवलं, शांघायला, मग सिंगापूरला. मशीन विकायला हॉस्पिटलं फिरायचा तेव्हा तिथले लोक चेंबरवर मान मोडून बसलेले त्याने बघितले असणार, कारण घरी परतल्यावर डोक्यात तेच घेऊन बसला. परतणं पण सोपं नव्हतं. जपानी सैन्य सिंगापूरपर्यंत येऊन ठेपलं तेव्हा तो हिंदुस्थानकडे निघालेल्या एका मालवाहू जहाजातून सटकला, मग आफ्रिका, मग दक्षिण अमेरिका असा पृथ्वीला वळसा घालून घरी. मला हा तपशील फार आवडतो. आपल्या समुद्रातून एक सेल्समन जीव मुठीत धरून चाललाय आणि पुढच्या पंधरावीस वर्षांत जगभरच्या टेक्निशियनांची मान तो सरळ करणार आहे.

पुढचं घडलं शिकागोत एका तळघरात. धाकटा भाऊ जोसेफ सोबतीला. सिगारेटच्या पाकिटावरचं सेलोफेन घेतलं, तापवलेल्या सुईने त्याला भोक पाडलं, दोन्ही बाजूंना मिठाचं पाणी, दोन्ही बाजूंना एकेक इलेक्ट्रोड, भोकातून बारीकसा करंट चालू. रक्त त्याच पाण्यात खूप पातळ करून भोकातून ओढायचं. पेशीतून करंट सहजी जात नाही, त्यामुळे पेशी भोकातून जाताना तेवढ्या क्षणापुरता अडथळा वाढतो आणि मीटरवर एक टिचकी येते. टिचक्या मोजल्या की पेशी मोजल्या. एवढंच. पण खरी चलाखी पुढे आहे, टिचकी किती उंच ते पेशीच्या आकारमानावर ठरतं. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीत कधी डोळे मिटून उभे राहा, गाडी चढली की फेरी झुकते, स्कूटर चढली की ट्रक हे न बघता सांगता येतं. मशीन तेच करतं. छोटी टिचकी प्लेटलेट, मोठी टिचकी लाल पेशी. पांढऱ्यांसाठी दुसऱ्या भांड्यात लाल पेशी आधी फोडून टाकायच्या, मग उरतील त्या पांढऱ्या. दोन पेशी एकदम भोकात घुसल्या तर एकच टिचकी येते, तर त्याचंही गणित करून आकडा दुरुस्त करतात. आमच्या १४० पेशींच्या जागी हे हजारोंनी मोजतं, आणि योगायोगाचा खेळ तिथे बराच आटोक्यात येतो.

पेटंटसाठी गेला तेव्हा वकिलांनी सांगितलं म्हणे की भोकाचं पेटंट मिळत नसतं. अर्ज १९४९ मध्ये केला, पेटंट हातात पडलं २० ऑक्टोबर १९५३ ला. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने मशीन तपासून बघितलं, १९५६ मध्ये गोष्ट छापून बाहेर आली, दोन वर्षांनी भावांनी स्वतःची कंपनी काढली. १९६८ च्या मॉडेल एस पासून तर नळी पुढे धरायची आणि सात आकडे छापून घ्यायचे, पातळ करण्याचं कामसुद्धा मशीनच करणार.

या सात आकड्यांत एक उलटापालट झाली ती कोणी फारशी सांगत नाही. पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के, हे आधी प्रत्यक्ष मोजायचे, विंट्रोबच्या नळीत रक्त भरून अर्धा तास सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, खाली बसलेला लाल थर पट्टीवर वाचायचा. आणि एका पेशीचं सरासरी आकारमान, ते एमसीव्ही, त्यावरून गणिताने काढायचे. भोकवाल्या मशीनने हे उलटं केलं, आता एमसीव्ही सरळ टिचक्यांच्या उंचीवरून मोजलं जातं आणि पीसीव्ही हे गुणाकाराने येतं. ऐकायला किरकोळ वाटतं पण एमसीव्ही विश्वासाचा झाल्यामुळे गरिबातल्या गरीब माणसाच्या साध्या सीबीसीतून, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीतून, थॅलेसेमिया या पिढीजात रक्ताच्या आजाराचा वाहक ओळखायची वाट मिळाली. एमसीव्ही ६५ आणि लाल पेशी ४० लाख तर बहुतेक लोहाची कमतरता, तेच एमसीव्ही ६५ आणि लाल पेशी ५८ लाख तर थांबा, दुसरी टेस्ट करा. एमसीव्हीला लाल पेशींच्या दशलक्षातल्या आकड्याने भागायचं, म्हणजे ५८ लाख असतील तर ५.८ ने, तेराच्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय. मेंट्झर यांनी १९७३ मध्ये सुचवलेला हिशोब आहे हा, कागदाच्या पाठीवर होतो, आणि लग्न ठरलेल्या जोडप्यांचे रिपोर्ट हातात आले की मी अजूनही करते. पत्रिका जुळल्यात का ते भटजी बघतील.

पुढची मशीनं आणखी हुशार झाली. लेसर आला, पेशीवर उजेड मारून तो कुठल्या कोनात किती विखुरतो त्यावरून आत दाणे आहेत का, केंद्रक कसं आहे याचा अंदाज, १९७० च्या दशकात पेशींना रसायनाने रंगवून पाचही जातींच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करणारी मशीनं आली, जपान्यांनी चमकणारे रंग वापरले. फाइव्ह पार्ट म्हणतात ते हेच. पूर्वी आम्ही शंभर पेशी बोटाने बटणं दाबत मोजायचो, हे हजारो मोजतं. आणि तरी, माझं म्हणणं एवढंच आहे, यातलं काहीच पेशीकडे बघत नाही. त्याला अडथळा कळतो, उजेड कळतो. भोकातून गेलेली वस्तू पेशीच होती की दुसरं काही, हे त्याला कळायचा मार्ग नाही. या आंधळेपणामुळेच ते थकत नाही, कंटाळत नाही, पहिला आकडा आठवून दुसरा जुळवत नाही. आणि ते फसतं तेही त्याच्यामुळेच.

साखळीकडचे एक निवृत्त मास्तर हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासायला गेले, आमच्याकडे नव्हे दुसरीकडे, रिपोर्ट आला प्लेटलेट १४ हजार. छापून हातात दिला, कोणी काही बोललं नाही. घरात रडारड. मुलगा बांबोळीच्या गोवा मेडिकलला न्यायला गाडी काढून तयार, जाता जाता कोणीतरी म्हणालं एकदा परत करून बघा, म्हणून आमच्याकडे थांबले. मास्तर स्वतः चालत आले, हातात पेपर, हिरड्यातून रक्त नाही, अंगावर एक डाग नाही. आमच्या मशीननेही १६ हजारच दाखवल्या, वर एक फ्लॅग, म्हणजे शंकेची खूण, टाकला. स्लाइड केली, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब शेपटीसारखा पातळ ओढला. पावसाचे दिवस होते, हवेत एवढा दमटपणा की स्लाइड सुकायला वेळ लागला की लाल पेशींत पाण्याच्या चकचकीत खुणा दिसतात आणि काय खरं काय खोटं कळत नाही, म्हणून आमच्याकडे एक हेअर ड्रायर ठेवलेला आहे, मालकीण कोण ते विचारू नका. लीशमन स्टेन टाकला, दोन मिनिटांनी बफर, मग धुवून तेलाच्या लेन्सखाली. मधल्या भागात प्लेटलेट दिसेचनात. मग स्लाइड सरकवत शेपटीच्या टोकाला नेली आणि तिथे सगळ्या बसलेल्या, एकमेकींना चिकटून, तीसतीस चाळीसचाळीसचे जांभळट गुच्छ.

जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं, रक्त गोठू नये म्हणून. काही थोड्या माणसांत हेच ईडीटीए प्लेटलेटना एकमेकींना चिकटवतं, फक्त नळीत, शरीरात काही नाही. एवढा मोठा गुच्छ भोकातून जातो तेव्हा मशीनला ती प्लेटलेट वाटतच नाही. मास्तरांचं रक्त निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत परत घेतलं, आकडा आला १ लाख ९२ हजार, सायट्रेट पातळ असतं म्हणून १.१ ने गुणायचं, झाले २ लाख ११ हजार. मास्तरांनी विचारलं, म्हणजे मला काहीच नाही? म्हटलं हर्निया आहे.

असं आणखीही बरंच आहे. कोणाकोणाच्या रक्तात लाल पेशी गारठ्यात चिकटतात, एसीच्या लॅबमध्ये लाल पेशींचा काउंट एकदम पडतो आणि एमसीएचसी, म्हणजे लाल पेशींतलं हिमोग्लोबिनचं प्रमाण, ३६ च्या पार वर जातं, ३७ डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये नळी जरा ठेवली की सगळं जागेवर. म्हणून हिमोग्लोबिन गुणिले तीन साधारण पीसीव्हीएवढं यायला हवं, हा जुन्या लोकांचा ताळा मी अजून प्रत्येक रिपोर्टवर डोळ्याने मारते. नवीन पोरं म्हणतात मॅडम, मशीन फ्लॅग देतं ना. देतं. पण फ्लॅग म्हणजे जरा बघा असं सांगणं आहे, आणि बघणाराच नसेल तर तो कागदावरचा एक तारा.

आपल्याकडे तर न बघून चालण्यासारखं नाहीच. डेंग्यूत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात. मलेरियातही प्लेटलेट उतरतात. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाच्या केस निघाल्या, काजूच्या बागायतीत जाणारी माणसं, त्यातही दोन्ही उतरतात. तीन वेगळे आजार आणि मशीनच्या कागदावर जवळपास एकच चेहरा. मलेरियाचा जंतू लाल पेशीच्या पोटात बसलेला असतो, त्यामुळे पेशी भोकातून जाते आणि लाल पेशी म्हणूनच मोजली जाते, पाहुण्यासकट. पणजीत इमारतींची कामं वाढली तसा मलेरिया वाढला ते दिवस आठवतात त्यांना विचारा, स्लाइडवर बसून बसून लोकांना स्वप्नात जंतूच्या रिंगा दिसायच्या.

आणि एक, डेंग्यूत सगळं घर प्लेटलेटवर डोळे लावून बसतं, पपईच्या पानांचा रस काय, किवी काय, मार्केटात त्या दिवसांत किवीचा भाव विचारू नका. खरं म्हणजे ताप उतरतो तेव्हाचा एकदोन दिवसांचा काळ जपायचा असतो, आणि तेव्हा नजर ठेवायची ती पीसीव्हीवर. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागलं की रक्त दाट होतं आणि पीसीव्ही चढतं, मूळच्या मानाने वीस टक्के चढलं तर गोष्ट गंभीर. प्लेटलेट पडताहेत आणि पीसीव्ही चढतंय, हे एकत्र दिसलं की डॉक्टर धावतात. नुसत्या १८ च्या २२ हजार झाल्या म्हणून पेढे वाटण्यात अर्थ नाही, एवढ्या खालच्या आकड्यात मशीनचीच तेवढी इकडेतिकडे असते. त्याच रिपोर्टवर चार ओळी वर पीसीव्ही छापलेलं असतं, ग्रूपवर फोटो टाकताना तेवढं कापून टाकतात.

गेल्या चवथीच्या आधी, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं सामान घेऊन थेट बाजारातून एक काका आले, पिशवीतून कवंडळाची रानफळं डोकावताहेत, पुतण्याच्या रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाले,
"बाय, हे मशीनचं की हातानं केलेलं?"
"मशीनचं."
"मग हातानं करून दे. डॉक्टर म्हणाला मॅन्युअल पाहिजे."

कूल्टरने सत्तर वर्षांपूर्वी एवढा खटाटोप करून आमचे हात सोडवले, आणि आता काउंटरवर लोक हातानं करून मागतात. मी स्लाइड काढली, गुच्छ नाहीत, जंतू नाही, तेलाच्या लेन्सखाली एका फील्डमध्ये चारेक प्लेटलेट, गुणिले पंधरा हजार, साधारण साठ हजार. मशीन म्हणत होतं ६३. डॉक्टरांनी येऊन बघितली, सही केली. काकांनी दोन्ही आकडे चष्मा वर करून नीट वाचले.

"यातलं खरं कुठलं?"
"दोन्ही एकच झाले, काका."
"एकच ना? मग पैसे पण एकाचेच घे."